मामांचा सोळा नंबर

अख्ख्या कोल्हापुरात कुणी बायकोचं नावसुद्धा इतक्या प्रेमाने घेत नसेल, जितक्या प्रेमाने आमचे मामा ‘फ्रेम रिले’ म्हणतात. मामा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत त्यांनी जन्मभर कॉम्प्युटरचं नेटवर्क सांभाळलं. लांबच्या दोन ऑफिसांना टेलिफोन कंपनीच्या यंत्रांमधून जोडायची ही जुनी तऱ्हा अक्षता पडायच्या आधी नवरदेवाला गाठून समजावणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. मिसळ खाताना ते शेवेची लाइन टाकून तर्रीतून माहिती पलीकडे धाडतात, आणि शेजारच्या टेबलावरची माणसं हळूच उठून जातात.

नेमका हाच धडा माझ्या इंजिनिअरिंगच्या तोंडी परीक्षेला होता आणि त्यात मी एकदा आपटलो होतो. पुन्हा आपटलो असतो तर मिळालेली नोकरी हातची गेली असती. एकाच जोडणीला या टोकाला एक नंबर आणि त्या टोकाला दुसरा, हे काही केल्या डोक्यात शिरेना. “आरं, नंबर शेजारच्या यंत्रापुरताच असतोय,” मामा ओरडायचे. “त्येच्या पुढं त्येला कोण वळखतंय?”

शेवटी कोडोलीच्या यात्रेत मामांनी आपल्या दारात डबेच कामाला लावले. कबनूरच्या पावण्यांना जेवण धाडायचं होतं. आमच्या घरातून मटणाचा डबा सोळा नंबरची चिठ्ठी लावून आला, शेजारच्या काकूंकडून पुरणपोळीचा, तोही सोळा! “दोन्ही सोळा बरोबर हायती,” दारात खुर्ची टाकून बसलेले मामा म्हणाले. “हितं मी चिठ्ठी बदलणार. मटण चाळीस, पोळी पन्नास. कबनूरला तेवढंच ठावं हाय, चाळीस जावयाचा, पन्नास मावशींचा.” एवढं बोलून ते पांढरा रस्सा प्यायला आत गेले. इकडे आत्याने “चांगली लावलेली चिठ्ठी कशाला काढायची?” म्हणत दोन्ही डबे तसेच मोटारसायकलवर चढवले. थोड्या वेळाने कबनूरहून फोन आला, सोळा कुणाचा हे तिथे कुणालाच ठाऊक नव्हतं. मटण शाकाहारी मावशींच्या पुढ्यात आणि पोळी पैलवान जावयाच्या! आत्या कपाळाला हात लावून बसली, मामा मात्र अंगणात चक्क नाचले. “बघ! मधल्यानं नंबर बदलला न्हाय की असं हुतंय!” आणि खरंच, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

परीक्षकांनी तेच विचारलं आणि मी पास झालो. पेढे घेऊन धावत गेलो. मामांनी एक पेढा हातात घेतला. म्हणाले, “फौंड्रीतली शेवटची लाइन मीच माझ्या हातानं काढली रं, कवाच. आता हे कुठं चालत न्हाय.”

“मग एवढा जीव तोडून शिकवलंत कशाला?”

“तू पास व्हावास म्हणून. आन् घरात एकाला तरी कळाय पायजे की.”

सगळं तोंडपाठ असूनही मी म्हटलं, “मामा, ते मधलं यंत्र नंबर कसं बदलतं, परत सांगा की.” मामांनी पेढा तसाच हातात धरून पहिल्यापासून सुरुवात केली.