निर्णयाचा रकाना

आमचे भावजी, म्हणजे ह्यांचे धाकटे भाऊ, बिजागऱ्यांच्या कारखान्यात बावीस वर्षं मीटिंगचं इतिवृत्त लिहीत आले. साहेब लोकांच्या मीटिंगमध्ये कोण काय बोललं आणि शेवटी काय ठरलं, ते एका जाड वहीत उतरवून काढायचं. माणूस गरीब, आवाज खालच्या पट्टीतला. खिशाला दोन पेनं, एक लिहायचं आणि एक मागणाऱ्याला द्यायचं. लग्न केलं नाही. केलं नाही म्हणजे काय, सासूबाई होत्या तोवर तो विषय सात-आठ वेळा निघाला, दर वेळी भरपूर चर्चा झाली, चहा झाला, पाहुणे गेले. ठरवायचं कोणी, ते मात्र राहून गेलं.

सकाळी देवापुढचं आटोपलं की मी माझ्या वहीत चार ओळी लिहिते. गेले तीन महिने त्या चार ओळींत भावजीच येताहेत. म्हणून म्हटलं, त्यांचं एकदा सलग लिहून ठेवावं.

त्यांच्या कारखान्याच्या वहीत पानावर चार रकाने छापलेले असतात: विषय, चर्चा, निर्णय आणि काम कोणी करायचं. खाली बारीक अक्षरांत सूचना, ‘कोणताही रकाना रिकामा ठेवू नये.’ रेकॉर्डच्या खोलीतल्या बाई या सूचनेच्या इतक्या पक्क्या, की रिकामा रकाना दिसला की पान उलट पावली परत.

भावजी नोकरीला लागले त्या आठवड्यात पहिली मीटिंग झाली. विषय होता, कामगारांसाठी पिण्याच्या पाण्याचं मशीन वरच्या मजल्यावर ठेवायचं की खालच्या. दोन तास चर्चेचं गुऱ्हाळ चाललं. शेवटी मोठ्या साहेबांनी दोन्ही तळहात टेबलावर आपटले, “बरं, मग ठरलं तर!” म्हणाले, आणि सगळे खुर्च्या सरकवून उठले.

भावजी मागोमाग गेले. “साहेब, नक्की काय ठरलं म्हणून लिहू?”

“अहो, तुम्ही तिथेच होतात ना? का झोप लागली होती?”

नवी नोकरी, काय बोलणार? विक्रीवाल्या साहेबांना विचारलं, तर ते म्हणाले, “मोठ्या साहेबांनी सांगितलं तेच लिहा, वेगळं काही लिहू नका बरं का!”

संध्याकाळी भावजी घरी आले ते कपाळाला हात लावूनच. मी मटार सोलत होते. म्हणाले, “वहिनी, अर्धी माणसं वर म्हणतात, अर्धी खाली म्हणतात, तर काय करावं?”

“मध्ये ठेवा आणि मोकळे व्हा,” मी म्हटलं. माझं लक्ष मटारांत.

त्यांनी लिहिलं, ‘जिन्याच्या मधल्या वळणावर ठेवावे.’ तिसऱ्या दिवशी मशीन जिन्याच्या वळणावर हजर! पाणी प्यायला रांग लागली की वरच्यांना खाली येता येईना आणि खालच्यांना वर जाता येईना. पुढच्या मीटिंगला भावजींनी मागचं इतिवृत्त भीत भीत वाचून दाखवलं. पण सगळ्यांनी माना डोलावल्या. विक्रीवाले तर म्हणाले, “मी पहिल्यापासून हेच सांगत होतो.” जो तो समजला, आपलं लक्ष नसताना दुसऱ्या कोणीतरी ठरवलं असणार. आणि आपलं लक्ष नव्हतं, हे कबूल कोण करतो?

तेव्हापासून बावीस वर्षं तो कारखाना भावजींच्या अक्षरावर चालला. फाटकाला हिरवा रंग भावजींनी लिहिला. जेवणाची सुट्टी अर्धा तास पुढे गेली ती त्यांच्या पेनातून. एकदा त्यांना बसायच्या जागी गळू झालं होतं. दोन तास टेकणं अशक्य, आणि तसं साहेबांना सांगणार कसं! त्यांनी लिहिलं, ‘यापुढे सर्व मीटिंग उभ्याने घ्याव्यात.’ आठ दिवसांत गळू बसलं, पण साहेब लोक उभेच राहिले. पुढे दुसऱ्या दोन कारखान्यांची माणसं ही नवी पद्धत बघायला आली. मोठ्या साहेबांनी त्यांना पाऊण तास भाषण दिलं, उभ्याने विचार कसा सरळ होतो यावर. भावजींनी तेही लिहून घेतलं.

मी एकदा म्हटलं, “भावजी, म्हणजे मालक तुम्हीच की!”

“छे हो वहिनी. मी ठरवत नाही. त्यांनी ठरवलं असतं तर काय ठरवलं असतं, तेवढं ओळखतो.”

“मनातलं ओळखायला देव समर्थ आहे. पण मनात काहीतरी असावं लागतं ना!”

यावर ते नुसते हसले. एक मात्र त्यांचं व्रत होतं. स्वतःच्या फायद्याचं एक अक्षर लिहायचं नाही. गळवाबद्दलसुद्धा त्यांना अजून खंत वाटते.

मग या वर्षी एक सल्लागार आला. चार दिवस कारखान्यात हिंडला आणि त्याने अहवाल दिला, की बोललेलं सगळं ऐकून आपोआप टाइप करणारं यंत्र मिळतं, तेव्हा लिहिणाऱ्या माणसाची गरज उरलेली नाही. पुढच्या मीटिंगच्या कागदावर विषय क्रमांक सहा आला, ‘इतिवृत्त लेखकाचे पद ठेवावे की रद्द करावे.’ भावजींच्या निवृत्तीला चार वर्षं होती.

त्या दिवशी जेवताना ह्यांनी ताटावरून हात उचलला. “त्यात काय एवढं? लिही ‘पद कायम ठेवावे’. बावीस वर्षं लिहिलंस ते काय त्यांनी सांगितलेलं होतं?”

“दादा, ते कारखान्याचं होतं. हे माझं आहे.”

“कारखान्याचं चालतं आणि तुझं चालत नाही? धन्य आहे बाबा तुझी!”

भावजी माझ्याकडे वळले. “वहिनी, तुम्ही सांगा.”

“पाण्याच्या मशीनचं सांगायला अक्कल लागत नव्हती,” मी म्हटलं. “हे देवावर सोडा.”

“देव रकाना भरत नाही ना, वहिनी.”

अर्धं ताट तसंच ठेवून ते उठले. दुसरं काही त्यांना येत नाही, आणि त्या वहीखेरीज त्यांचं म्हणावं असं जगात काही नाही.

मीटिंग झाली. तिची हकिगत त्यांनी घरी येऊन सांगितली तेव्हा हसावं की रडावं कळेना. सहा साहेब टेबलाभोवती उभे, भावजी कोपऱ्यात वही घेऊन उभे, आणि तासभर चर्चा त्यांच्यावरच. पण त्यांचं नाव कोणी घेईना, सगळे ‘पद’ म्हणत होते. पद आता जुनं झालंय. पदाचं अक्षर चांगलं आहे, पण पद जरा हळू चालतं. मध्येच वाऱ्याने कागद उडाले, तेव्हा विक्रीवाले सवयीने म्हणाले, “पद, जरा ती खिडकी लावा हो.” भावजींनी खिडकी लावली, परत येऊन हेही लिहिलं.

चौघे यंत्राच्या बाजूने बोलले. एक जण आपल्या गुडघ्याबद्दल बोलले. खरेदीवाले साहेब, दोनच वर्षांपूर्वी आलेले, अंगाने दांडगे आणि काळजाने सशाचे, ते नुसते खोकले. मग मोठ्या साहेबांचे तळहात टेबलावर पडले, “बरं, मग ठरलं तर!”

भावजींनी कितीतरी वेळ पेन धरून ठेवलं, आणि मग लिहिलं, ‘पद रद्द करावे.’

पुढच्या मीटिंगला त्यांनी ते वाचलं तेव्हा मोठे साहेब दचकले. “असं ठरलं होय?” पण इकडे तिकडे बघून लगेच म्हणाले, “हो हो, ठरलंच होतं.” सगळ्यांनी सह्या केल्या. दुपारी साडेबारालाच भावजी घरी आले. हातात फुलांचा गुच्छ आणि निरोपाची भेट म्हणून पितळी बिजागरी.

पुढचे तीन आठवडे मला बघवले नाहीत. माणूस साडेआठला अंघोळ करून, शर्ट घालून, खिशाला दोन पेनं लावून खुर्चीत बसे. आमची नवरा-बायकोची काही बोलाचाली झाली की आशेने पुढे सरके. जेवण निम्म्यावर आलं. कॉलर सैल झाली.

तिकडे कारखान्यात यंत्र बसलं. पहिल्या मीटिंगचे चौऱ्याण्णव कागद निघाले. पण निर्णयाचा रकाना रिकामा, म्हणून रेकॉर्डवाल्या बाईंनी गठ्ठा परत केला. मग यंत्राला शिकवलं, की मीटिंगमध्ये शेवटी जे वाक्य येईल तो निर्णय समजायचा. पुढच्या मीटिंगला शेवटचं वाक्य आलं, “दार लावा, वारा येतोय.” दुसऱ्या दिवसापासून कारखान्याची सगळी दारं बंद! आठवडाभर माल खिडक्यांतून बाहेर गेला. हा निर्णय नाही असं म्हणायची कोणाची टाप नव्हती, रकान्यात छापलेलं होतं ना! त्यानंतरच्या मीटिंगचा निर्णय आला, “माझा चष्मा कुठे राहिला?” दोन पाळ्यांतले तीनशे कामगार कामं सोडून चष्मा शोधत होते. तीन सापडले. साहेबांचा त्यांत नव्हता.

हे सगळं रेकॉर्डवाल्या बाईंनी फोन करून सांगितलं. भावजी ऐकून हसले नाहीत. “दारं बंद करून माल कसा निघणार हो, वहिनी?” एवढंच दिवसभर म्हणत राहिले.

आणि एका शनिवारी दुपारी मोठे साहेब, विक्रीवाले आणि खरेदीवाले आमच्या दारात उभे. “सहज आलो. इकडून चाललो होतो,” मोठे साहेब म्हणाले. आमची गल्ली पुढे भिंतीला संपते. ताकाला जाऊन भांडं लपवायची ही तऱ्हा!

मी खुर्च्या मांडल्या. कोणी बसेना, तिघं उभेच. चहा उभ्यानेच घेतला. मग हवापाणी झालं, बिजागऱ्यांचे दिवस कसे वाईट आलेत ते झालं, अनुभवी माणसाचं मोल झालं. अर्ध्या तासाने मोठ्या साहेबांनी आमच्या जेवणाच्या टेबलावर तळहात आपटले. “बरं, मग ठरलं तर!”

आणि तिघांनी भावजींकडे पाहिलं.

“काय ठरलं, साहेब?”

“तेच हो. आपलं... तुम्ही सुज्ञ आहात.”

“कोणी ठरवलं?”

“आपण सगळ्यांनी.”

“सगळे म्हणजे कोण?” भावजींचा आवाज एवढा मोठा मी कधी ऐकला नव्हता. ह्यांच्या हातातलं वर्तमानपत्र खाली आलं. “बावीस वर्षं मी सगळ्यांच्या वतीने लिहिलं. आता नाही. तुमच्यातल्या एकाने स्वतःच्या तोंडाने म्हणा, मी ठरवलं. उद्या कशाला, आत्ता येतो. नाहीतर मी घरी बरा आहे.”

घरी बरे नव्हते, हे मला ठाऊक होतं. शर्टाची बाही मुठीत घट्ट धरलेली मला दिसत होती. मनातल्या मनात मी देवाचा धावा सुरू केला.

मोठे साहेब म्हणाले, “तसं वर विचारावं लागेल.”

“वर तुम्हीच आहात, साहेब.”

विक्रीवाले म्हणाले, “तत्त्वतः आमची काही हरकत नाही.”

“हरकत नाही म्हणजे हो नव्हे.”

छताकडे बघून झालं, घड्याळाकडे बघून झालं. “बघू, विचार करू,” म्हणत साहेब दाराकडे निघाले आणि बूट घालू लागले. भावजी जागचे हलले नाहीत. हे दातांवर दात धरून माझ्या कानाशी पुटपुटले, “मुकला बघ हा. हट्टापायी मुकला.”

खरेदीवाल्यांचा एक पाय बुटात होता आणि एक मोज्यातच.

“मी,” ते म्हणाले.

मोठे साहेब वळले. “मी काय?”

“मी ठरवलं. यांना परत घ्यायचं.” आणि एवढं बोलून तो धिप्पाड माणूस मटकन खुर्चीत बसला. कपाळावर घाम, ओठ पांढरे. मी धावत पाणी आणलं. दुसऱ्याच्या घरातली बरणी फोडल्यासारखं बाकीचे दोघं त्यांच्याकडे बघत होते.

“बघा बुवा,” मोठे साहेब म्हणाले, “तुमच्यावर आलं हे सगळं.”

“हो,” खरेदीवाले म्हणाले, पण आवाज पेल्यातच राहिला. मग भावजींना हळूच म्हणाले, “माझं नाव लिहायलाच हवं का?”

“हवं,” भावजी म्हणाले.

सोमवारी ते कामावर गेले. बावीस वर्षांत पहिल्यांदा निर्णयाच्या रकान्यात कोणी ठरवलं ते लिहिलं, आणि सगळ्यांनी सह्याही केल्या, कारण दुसऱ्याने ठरवलेल्यावर सही करायला त्यांना कधीच अडचण नव्हती. भावजी परत पोटभर जेवायला लागले. मात्र खरेदीवाल्यांशी बाकीचे साहेब जरा जपून असतात. जेवायला त्यांच्या टेबलावर कोणी येत नाही, न जाणो, एखादं काही ठरवून बसायचे. म्हणून भावजी आपला डबा त्यांच्याबरोबर खातात. मीही सकाळी देवापुढे बसले की खरेदीवाल्यांसाठी दोन शब्द टाकते.

“दोघं बोलता तरी काय एवढं?” मी काल विचारलं.

“ते विचारतात, पुढच्या मीटिंगला पुन्हा एकदा ‘मी ठरवलं’ म्हणून बघू का? मी म्हटलं, घाई नको. आधी घरी सराव करा.”

“मग?”

“केला की. परवा बायकोला म्हणाले, पडदे निळे घ्यायचे.”

“घेतले?”

“नाही हो,” भावजी म्हणाले. “पण तिने विचारलं म्हणे, कोणी ठरवलं? तर म्हणाले, मी.”