विहीणबाईंनी पिशवी हलवून पाहिली

मुलाची आई म्हणून विहिणीपेक्षा माझा मान मोठा, हे माझ्या विहीणबाईंना कोणी सांगितलेलंच नाही. सून मिशिगनची, म्हणून विहीणही मिशिगनचीच. साठी ओलांडलेली, उंचपुरी, शेतकरी घरातली बाई. लग्नात मी तिला पैठणी दिली आणि तिने मला स्वतः मारलेल्या हरणाचं गोठवलेलं मटण दिलं. देण्याघेण्यावरून रुसायची मला मिळालेली ती एकमेव संधी होती, पण रस्सा इतका फर्मास झाला की रुसायचं राहून गेलं. तेव्हापासून आमचं बरं जमतं.

गेल्या सप्टेंबरात तिचा फोन आला. "यंदा माझ्याबरोबर शिकारीला येतेस का? एकच दिवस. सकाळी यायचं, संध्याकाळी परत." मी फार विचार न करता हो म्हणून टाकलं. का म्हटलं ते सांगायला हवं.

दोन वर्षांपूर्वी माझा नवरा गेला. तेव्हापासून मिशिगनमधल्याच ॲन आर्बरच्या या घरात मी एकटी राहते. आठवड्यातून तीन दिवस विद्यापीठातल्या प्रयोगशाळेत कामाला जाते, बर्फ उपसते, नळ गळला तर वॉशर बदलते. पण पार पश्चिम किनाऱ्यावरच्या रेडमंडला राहणाऱ्या माझ्या मुलाने ठरवून टाकलं होतं की आईला आता एकटीला जमत नाही. दर रविवारी फोनवर तेच. "आई, घर सेल करून टाक. इथे स्नो नाही. तुझी रूम रेडी आहे." त्या खोलीच्या बाथरूममध्ये त्याने धरायला दांडासुद्धा बसवून घेतला होता. प्रेमाने केलं होतं, मला कळत होतं. तरी त्या दांड्याचा फोटो पाहून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी एकोणसाठ वर्षांची आहे, एकोणनव्वद नाही.

शिकारीचं ऐकून तो ओरडायचाच बाकी राहिला.

"आई, आर यू सीरियस? चार तास थंडीत बसणार? आणि एकटी ड्राइव्ह करून जाणार?"

"हो."

"ओके, फाइन. मग डील करू. त्या दिवशी तुला नाही जमलं, किंवा कोणाला तरी तुला घरी ड्रॉप करावं लागलं, तर तू इकडे शिफ्ट होणार."

"आणि जमलं तर?"

"तर मी हा टॉपिक परत काढणार नाही. प्रॉमिस."

"कबूल," मी म्हटलं. फोन ठेवला आणि मग लक्षात आलं. रागाच्या भरात मी राहतं घर पणाला लावून बसले होते.

ऑक्टोबरचे चारही शनिवार विहिणीच्या शेतावर बंदूक चालवायला शिकले. पहिल्यांदा जाणाऱ्याला शिकाऊ परवाना मिळतो, जाणता शिकारी सतत शेजारी असला की झालं. नेम बरा निघाला. इतकी वर्षं काचेच्या नळीतून थेंब मोजून सोडतेय, हात हलत नाही. घोडं अडलं ते सामानापाशी.

विहिणीचा एक नियम आहे. नवशिक्याची पिशवी ती आधी तपासते. पिशवी पास झाली नाही तर माणसाला नेत नाही, मग तो कोणी का असेना. स्वतःच्या जावयाला, म्हणजे माझ्याच चिरंजीवांना, तिने एकदा चिप्सची पाकिटं निघाली म्हणून घरी बसवलं होतं. ही गोष्ट चिरंजीवांनी मला कधी सांगितली नव्हती. विहिणीकडून ऐकल्यावर मला फार बरं वाटलं.

तिने यादी पाठवली. नारिंगी जॅकेट आणि टोपी, म्हणजे दुसऱ्या शिकाऱ्याने आपल्याला हरीण समजू नये. लोकरीचे मोजे, सुरी, दोर, डोक्याला बांधायचा दिवा, परवाना, पाणी, खाणं. आणि खाली ठळक अक्षरांत: वास नको, आवाज नको.

एवढं स्पष्ट लिहिलेलं असताना मी काय करावं? तिने दिलेल्या बिनवासाच्या साबणाने सगळे कपडे धुतले, आणि वाळत घातले स्वयंपाकघराच्या दाराशी, कारण तिथे हीटरची ऊब चांगली येते. त्याच संध्याकाळी प्रवासाला हवा म्हणून चिवडा केला. हिंग, मोहरी, कढीपत्ता, वर लसणाचे काप. आपण बाहेर पडायचं म्हणजे चिवडा लागतोच, त्यात विचार कसला करायचा? मग स्टीलचा डबा, चमचे, आल्याच्या चहाचा थर्मास, गुडघ्यासाठी बाम, कानटोपी. पिशवी भरून झाल्यावर मी स्वतःवरच खूश होते.

नोव्हेंबरात शिकारीच्या आदल्या रविवारी विहीणबाई आल्या. पिशवीची चेन उघडली आणि डोकं झटक्यात मागे घेतलं.

"हे काय आहे?"

"हिंग. थोडासाच."

"याच्या वासाने जंगलातलं एकूण एक हरीण कॅनडात जाईल."

मग तिने पिशवी उचलून हलवली. डबा चमच्यांवर आपटला, चिवड्याची प्लॅस्टिकची पिशवी कुरकुरली. तिने पिशवी खाली ठेवली. "नापास. शुक्रवारी पुन्हा बघते. तेव्हाही अशीच असली तर मी एकटी जाईन." आवाजात राग नव्हता, आणि तेच मला जास्त लागलं. ती गेल्यावर मी पिशवी जमिनीवर रिकामी केली. पिशवीतच नापास झाले तर रेडमंडला काय सांगणार होते?

सोमवारी पदर खोचला. कपडे पुन्हा धुतले आणि मागच्या डेकवर उघड्या हवेत वाळवले. विहिणीने जाताना सांगितलं होतं तसं अंगणातल्या मेपलची वाळकी पानं आणि पाइनच्या काड्या एका मोठ्या डब्यात भरल्या आणि शालूच्या घडीत लवंगा ठेवतात तसे त्यांच्या थरांमध्ये कपडे ठेवले, म्हणजे त्यांना रानाचाच वास लागावा. डबा गॅरेजबाहेर. घरात आठवडाभर फोडणी बंद. मऊभात, उकडलेले बटाटे, दही. शेजारची भारतीय मुलगी, इथे पीएचडी करते, ती दारात येऊन म्हणाली, "काकू, बरं नाहीये का? घराला काही वासच येत नाहीये." मला हसू आलं.

खाण्याचं कोडं सुटायला मात्र गुरुवार उजाडला. वास नको, आवाज नको, थंडीत कडक व्हायला नको, आणि पोटाला आधार तर हवा. म्हणजे दशमी! दुधात भिजवलेली, आत गूळ आणि तूप, गुंडाळी केलेली. इतके दिवस कसं सुचलं नाही म्हणून कपाळावर हात मारला. मग एक जुनी मलमलची साडी काढली आणि टराटरा फाडली. दशम्या एका तुकड्यात, सुरी दुसऱ्यात, बंदुकीच्या गोळ्या तिसऱ्यात, पाण्याच्या बाटलीला दोन वेढे. हातातल्या सोन्याच्या दोन बांगड्या किणकिणत होत्या. त्या नवऱ्याने घेतलेल्या, काढणार नव्हतेच. त्यांनाही एक पट्टी गुंडाळून गाठ मारली. गाठोडी बांधण्यात आपला हात कोणी धरणार नाही.

शुक्रवारी विहीणबाईंनी पिशवीत नाक घातलं. मग कानाशी धरून हलवली. पुन्हा हलवली, जरा जोरात. काही म्हणजे काही वाजलं नाही. तिने एक दशमी सोडवून खाल्ली, लगेच दुसरी खाल्ली, आणि साडीचा तुकडा बोटांत चोळत म्हणाली, "हे कापड मला हवंय. माझ्या बहिणींसाठीपण." पास!

शनिवारी भुरभुरत्या बर्फातून दीड तास गाडी चालवत गेले. दुपारपासून आम्ही शेताच्या कडेला लाकडी खोपटात बसलो होतो. साडेचारच्या सुमारास डावीकडच्या झाडीतून एक हरिणी बाहेर आली, आणि वारा नेमका आमच्याकडून तिच्याकडे वाहत होता. विहिणीने श्वास रोखला. हरिणीने मान वर केली, नाकपुड्या फुलवल्या, बराच वेळ हुंगलं. आणि मान खाली घालून चरायला लागली! विहिणीने माझ्या गुडघ्याला हळूच हात लावला. मी नेम धरला आणि चाप ओढला. हरिणी दोन ढांगा गेली आणि पडली.

जवळ गेले तेव्हा मला रडू आलं. हात लावला तर अंग गरम होतं. मी तिला नमस्कार केला. विहिणीने टोपी काढली. पण खोटं कशाला बोलू, डोळे पुसल्यावर जे छातीत भरून आलं तो आनंदच होता, निखळ. पोट साफ करायचं सुरीचं काम तिने दाखवलं तसं मी केलं. दोराचं एक टोक तिने घेतलं, एक मी, आणि आम्ही दोघी विहिणी हरीण ओढत गोठ्यापर्यंत गेलो. मध्ये तीनदा थांबलो. तीनही वेळा ती म्हणाली म्हणून.

गोठ्याच्या दारात उभी राहून रेडमंडला फोन लावला.

"आई! ठीक आहेस ना? काय झालं?"

"हरिणी मिळाली. एका गोळीत."

मग त्याने विचारलं, "घरी कोण ड्रॉप करतंय?"

"कोणी नाही. मीच जातेय, मटण घेऊन."

"ओके," तो म्हणाला. "यू वन, आई. घराचं पुन्हा नाही बोलणार." आणि मग एकदम लहानपणीच्या आवाजात, "म्हणजे मी आता तुझी काळजी करायचीच नाही का?"

"कर की रे," मी म्हटलं, "पण तिथूनच कर."