महाळुंगे पडवळचा सरकलेला दगड

साहेबांनी लॅपटॉपवर नकाशा उघडला. मंचरवरून जुन्नर आणि पुढे घाटघरपर्यंत एक लाल रेघ, कुठेही न अडखळता गेलेली. कंत्राटदाराने पुरलेली फायबरची केबल म्हणे. आपल्याकडे रस्ता इतका सरळ जात नाही, केबल कशी गेली? मी शंका बोलून दाखवली. "मग जाऊन बघ," साहेब म्हणाले. झालं, बॅग भरली.

साधारण २००६ची गोष्ट. शिवाजीनगरहून सकाळची एसटी धरून नारायणगावला उतरा आणि आधी मिसळ खा, पुढे खाण्याचे हाल आहेत. जुन्नरहून घाटघरला जीप मिळते. ती भरल्याशिवाय हलत नाही आणि भरल्यावरही आणखी दोघे बसतात. माझ्या मांडीवर केबल शोधायचं यंत्र होतं, खाली केबल असली की किणकिणणारं. शेजारचे काका त्याकडे टक लावून होते. कशाचा सर्वे, त्यांनी विचारलं. फोनची केबल, मी म्हटलं. समदे असंच म्हणत्यात, असं पुटपुटून ते मागच्या बाकावर जाऊन बसले.

घाटघरला वारा असा की ओढणी सांभाळू की यंत्र, कळेना. पण रस्त्याकडेचे खुणेचे दगड, नकाशा आणि किणकिण, तिन्हींचा मेळ बसला. माझा संशय मात्र गेला नाही.

दुसऱ्या दिवशी परतताना आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळला उतरले. तिथे खुणेचा दगड होता, नकाशातली रेघही त्यावरूनच जात होती, यंत्र मात्र गप्प. खाल्ली मेल्यांनी केबल, मी मनात म्हटलं. सहज रस्ता ओलांडून पलीकडच्या कांद्याच्या वावरात पाय ठेवला, तर यंत्र किणकिणायला लागलं.

हातात खुरपं घेऊन एक म्हातारी बाई आली. काशीबाई. आधी यंत्र निरखलं, मग चहा दिला, मग सगळं सांगितलं. तिचं मूळ गाव धरणात गेलं होतं. तिथेही आधी दगड आले आणि मागून जमीन गेली. म्हणून केबलचा दगड वावरात रोवल्यावर तिने आणि तिच्या लेकाने तो उपटून रस्त्यापलीकडच्या गायरानात नेऊन पुरला. शेजाऱ्याच्या बांधावर नाही हं, त्याची जमीन कशाला घालवायची! आणि कंत्राटदाराच्या माणसांनी नंतर खाली केबल आहे का ते न तपासता नुसते दगड जोडून नकाशा काढला होता.

मला हसू आलं, पण तिला नाही. जमीन जाणार नाही मावशी, मी सांगितलं, अगदी शब्द दिला.

"तवा बी असंच म्हणाले व्हते," ती म्हणाली. तरी निघताना तिने लेकाचा नंबर दिला.

पुण्यात येऊन मी रेघ काशीबाईच्या वावरात सरकवली. साहेब खूश झाले. या नकाशाची एक प्रत रस्ता रुंद करणाऱ्यांना द्यायची आहे, असं ते जाता जाता म्हणाले. कडेला मोकळी जागा कुठे आहे, ते त्यांना बघायचंय. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पडद्यावर तिचं वावर पांढरंफटक दिसत होतं, गायरानासारखंच.

मी लेकाच्या नंबरवर फोन लावला, तो काशीबाईनेच उचलला. माझा शब्द खरा धरू नका, तहसीलला जाऊन विचारा, असं सगळं सांगितलं. वाटलं, शिव्या घालेल.

"त्या नकाशात आमचं घर हाय का?" तिने विचारलं.

"नाही, मावशी."

"हीर?"

"विहीरही नाही."

"मंग काढ की, पोरी. धरणाच्या टायमाला त्यांच्या कागदावर आमी नव्हतोच. रिकामं दिसलं म्हणून तर घेतलं."

जमीन वाचेल की नाही, मला अजून ठाऊक नाही, आणि माझा कुणावर भरवसाही उरलेला नाही. पण त्याच दुपारी मी नकाशावर तिचं घर काढलं, विहीर, गोठा, कांद्याचे वाफे काढले आणि प्रत तशीच दिली. केबलच्या नकाशात विहीर कशाला, साहेबांनी विचारलं.

"खोदणाऱ्याला दिसायला हवी," मी म्हटलं.