स्टँडवरचा फोटो

गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो फोटो मीच टाकला. आंजीच्या स्टँडवर एक म्हातारी रडणाऱ्या पोरीला घट्ट धरून गोंडीत बोलत होती. मला ती पोरं पळवणारी वाटली, तसंच फोटोखाली लिहिलं. दहा मिनिटांत माणसं काठ्या घेऊन आली.

"बोल, कोणाची पोरगी हाय?"

म्हातारीनं भिऊन पोरीला आणखी घट्ट धरलं. मीही घाबरून मागं सरलो. काठी उगारली गेली, तेवढ्यात पोरगी किंचाळली, "माही आजी व्हय!" काठ्या थांबल्या. दोघी सावंगीच्या दवाखान्यात निघाल्या होत्या.

महिन्यानं मी त्यांची वस्ती शोधली. मला पाहताच पोरगी दारामागं लपली.

"आता पोरगी गोंडी बोलतच नाई," म्हातारी म्हणाली. "भेते."

मी हात जोडले. "माय, तो फोटो म्याच टाकला होता. मले माफ कर."