आईला विचारणारा अल्बम

आमच्या बोईसरच्या घरी फ्रिजवर एक जुना लॅपटॉप कायम चालू असतो. मी त्याला सर्व्हर म्हणतो, बायको 'तुमचं ते' म्हणते. घरचे सगळे फोटो त्यावर आहेत आणि तिच्या डब्यांच्या ऑर्डरी घेणारं ॲपही.

एकदा टॅबवर फोटो बघताना आईचं बोट भलतीकडे लागलं आणि तिचा नि मावशीचा केळव्याचा फोटो उडाला. मी तो लगेच परत आणला, पण आईने धसकाच घेतला. टॅबवर रुमाल टाकून म्हणाली, "माझा हात नाही लागायचा आता त्याला." फोटो बघत दुपारभर एकटीच हसणारी बाई भिंतीकडे बघत बसू लागली. मला ते बघवेना.

फोटो पुसण्याआधी अल्बमच्या ॲपने एकदा विचारावं, एवढंच हवं होतं. पण ॲप दुसऱ्यांनी लिहिलेलं. आत काही बदललं, की पुढच्या अपडेटला पुसलं जाणार. म्हणून ॲप आणि टॅबच्या वाटेत, त्याच लॅपटॉपवर, एक छोटा प्रोग्रॅम बसवला. ॲपकडून पान निघालं, की त्यात माझ्या चार ओळी टाकून तो पुढे पाठवणार. कंपनीच्या कँटीनची डाळ घरी आणून वरून आपली लसणाची फोडणी द्यावी, तसं. आता बटण दाबलं, की मोठ्या अक्षरांत प्रश्न यायचा : "आई, खरंच पुसायचं का?"

मी स्वतःवर जाम खूश. दुसऱ्या दिवशी सकाळी कुंभवलीहून डबा घेणाऱ्या एका कामगाराचा फोन आला. बायकोने स्पीकरवर टाकला.

"भाभी, डिब्बा कैंसल कर रहा था. आपका ऐप मुझे आई बोल रहा है!"

डब्यांचं ॲपही त्याच वाटेने जात होतं; एका पातेल्यातली फोडणी मी घरातल्या सगळ्या पातेल्यांत ओतली होती.

"अहो, दाढीवाल्या माणसाला आई केलंत!" बायको म्हणाली. "आता डोहाळजेवणाचा डबाही तुम्हीच पोचवा."

चहा गार होईपर्यंत मी त्या ओळी फक्त अल्बमपुरत्या केल्या. तोवर आई हसतहसत बाहेर आली. "बघू तरी, काय विचारतंय." तिने रुमाल काढला, माझा एक फोटो उघडला आणि बटण दाबलं. प्रश्न आला.

"बघ, आता भीती नाही," मी म्हणालो. "'नाही' दाब."

"मला विचारलंय ना? तू गप्प बस." तिने ठामपणे 'हो' दाबलं. "पोट बघ केवढं दिसतंय ह्यात."

दुपारपर्यंत तिने तांदूळ निवडावेत तसा अख्खा अल्बम निवडला. गेलेल्या फोटोंत बहुतेक मीच होतो.