माझ्याकडे तर उघडतंय

"माझ्याकडे तर उघडतंय," असं म्हणून ते चष्मा कपाळावर चढवायचे आणि मॉनिटर दोन्ही हातांनी धरून समोरच्याकडे वळवायचे. तक्रार घेऊन आलेला माणूस वाकून बघायचा. पडद्यावर त्याची वेबसाइट छान उघडलेली असायची, फोटोबिटो फिरत असायचे. मग तो बिचारा ओशाळून आपल्याच फोनकडे बघायचा आणि तक्रार तिथेच संपायची.

मी त्यांना सर म्हणत असे. घाटकोपर पूर्वेला एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर आमचं तीन खोल्यांचं ऑफिस होतं. आम्ही छोट्या लोकांच्या वेबसाइट सांभाळायचो. दाताचे डॉक्टर, केटरर, क्लासवाले, गावकऱ्यांची मंडळं. सांभाळायचो म्हणजे साइट बंद पडली की चालू करायची, तिच्यातले सॉफ्टवेअरचे भाग जुने झाले की अपडेट करायचे. कधीकधी संगणकातला किंवा फोनातला एखादा अँटीव्हायरस चांगल्या साइटला उगाच धोकादायक ठरवतो. साइट उघडायला गेलं की लाल पान येतं. तेव्हा त्या कंपनीला कळवून पुन्हा तपासणी करून घ्यायची. ही सगळी जबाबदारी सरांची. मी नवीन होते, फोन घ्यायचे.

असा एक नग तुमच्याही ऑफिसात असेल. काम येत नाही असं म्हणता येत नाही, आणि काम करताना कोणी पाहिलेलं नाही. सकाळी साडेदहाला येणार, खुर्ची फडक्याने पुसणार, डबा खिडकीत ठेवणार, आणि पहिला फोन वाजला की तिथूनच ओरडणार, "विचार त्यांना, कॅशे साफ केली का?" कॅशे म्हणजे काय हे समोरच्याला माहीत नसायचं. सरांना माहीत होतं की नाही, याबद्दल मला आजही शंका आहे.

मुलुंडच्या एका दाताच्या डॉक्टरांना त्यांनी एका वर्षात तीन अँटीव्हायरस बदलायला लावले. तिन्ही वेळा लाल पान आलं. चौथ्यांदा डॉक्टरांनी फोन केला तेव्हा सर मला म्हणाले, "सांग, तुमच्याकडूनच काहीतरी असेल. वायरिंग चेक करून घ्या." डॉक्टरांनी खरंच इलेक्ट्रिशियन बोलावला. हे सर जेवताना सगळ्यांना हसत हसत सांगत होते.

अपडेटचं नाव काढलं की मात्र हसू जायचं. "चालतंय ना? मग हात लावायचा नाही," असं ते म्हणायचे, आणि तेही असं की जणू मीच कुणाचं ऑपरेशन करायला निघाले आहे.

एकदाच मला त्यांची दया आली, तेही सांगायला हवं. त्यांचं पूर्वी टायपिंग इन्स्टिट्यूट होतं. चौदा मशीन होती, परीक्षेच्या दिवसांत मुली जिन्यापर्यंत रांग लावायच्या. मग संगणक आले. त्यांनी ती मशीन गोवंडीच्या एका भंगारवाल्याला दिली आणि चाळिशी ओलांडल्यावर वेबसाइट बनवायला शिकले. "टेम्पोत चढवताना एका मशीनची घंटी वाजली गं," ते म्हणाले, "मी घरी जाऊन दोन दिवस झोपून होतो." हे सांगताना त्यांनी चष्मा काढून हातात घेतला होता. तेव्हा मला त्यांच्यासाठी चहा करावासा वाटला, आणि मी केलाही.

त्यानंतर महिन्याभरात तात्यांचा फोन आला.

तात्या बोरिवलीला राहायचे. गिरणीत होते, गिरणी गेल्यावर एका सोसायटीत वॉचमन झाले, आणि इतकी वर्षं आपल्या कोकणातल्या गावाच्या मुंबई मंडळाचे सेक्रेटरी होते. मंडळाची साइट आमच्याकडे होती. तिच्यावर गावच्या मुंबईकरांची यादी होती. फोटो, गावातली वाडी, फोन नंबर, रक्तगट. रात्रीअपरात्री कुणाला रक्त लागलं तर आपलं माणूस सापडावं म्हणून. ती यादी तात्यांनी घरोघरी जाऊन गोळा केली होती आणि एका बोटाने टाइप केली होती. दोन वर्षं लागली होती त्यांना.

"गो बाय," ते फोनवर म्हणाले, "साइट उघडत नाय. लाल पान येता. लोक माका इचारतत, काय सांगू?"

मी सरांकडे बघितलं. सरांनी मॉनिटर वळवला. साइट उघडलेली. मी माझ्या ऑफिसच्या संगणकावर उघडून बघितली, तिथेही उघडली. मग मी माझ्या तोंडाने तात्यांना सांगितलं, "तात्या, तुमच्याकडूनच काहीतरी असेल."

त्यांनी ते मानलं. फोन दुकानात नेऊन साफ करून घेतला. चार दिवसांनी पुन्हा फोन. मी पुन्हा तेच सांगितलं. सगळा दोष सरांवर टाकता आला असता तर मला आवडलं असतं, पण हे वाक्य, दाताच्या डॉक्टरांना धरून, तीन वेळा माझ्या तोंडून गेलं आहे.

तोवर मंडळात निराळीच कुजबुज सुरू झाली होती. लाल पानावर मराठीत स्पष्ट लिहिलेलं असायचं, की पुढची साइट फसवी आहे, ती तुमची माहिती चोरू शकते. तुम्हीआम्ही ते वाचून पान बंद करू. पण मंडळातल्या लोकांच्या लेखी साइट म्हणजे तात्या. साइट फसवी म्हणजे कोण फसवा, हे त्यांना समजावून सांगावं लागलं नाही. त्यात गावच्या दोघांना कुठूनतरी फसवणुकीचे फोन आले. असे फोन मुंबईत कोणाला येत नाहीत? पण लोकांनी दोन्ही गोष्टी जोडल्या आणि तात्यांनी आपले नंबर विकले असं ठरवून टाकलं.

एके दिवशी तात्या स्वतः ऑफिसात आले. इस्त्रीचा सदरा, हातात पिशवी, पिशवीत दोन फोन. एक त्यांचा, एक सुनेचा. दोन्हींवर लाल पान. मी पहिल्यांदाच ते डोळ्यांनी बघितलं.

सरांनी चष्मा वर चढवला. "माझ्याकडे तर उघडतंय, तात्या."

तात्यांनी त्यांचा पडदा बघितला, मग आपले दोन फोन बघितले. "मगे मी खोटा सांगतंय काय?" ते हळूच म्हणाले. सरांनी त्यांना पाणी दिलं आणि कॅशे साफ करायला सांगितली.

तात्या गेल्यावर मी माझा स्वतःचा फोन काढून साइट उघडली. लाल पान. मग ऑफिसच्या संगणकातला अँटीव्हायरस उघडून बसले. त्यात एक यादी असते. ज्या साइटकडे दुर्लक्ष करायचं, ज्यांच्यावर कधीच लाल पान दाखवायचं नाही, त्यांची नावं तिथे घालता येतात. आमच्या यादीत आमच्या सगळ्या गिऱ्हाइकांची नावं होती. केटरर, डॉक्टर, क्लास, तात्यांचं मंडळ. तक्रार यायच्या आधीच सर प्रत्येकाचं नाव त्या यादीत घालून ठेवायचे. ऑफिसच्या प्रत्येक संगणकावर, आणि स्वतःच्या फोनवरही. ही त्यांची दुरुस्ती. जगभर लाल पान दिसत असायचं आणि आमच्या तीन खोल्यांत सगळं कसं झकास उघडायचं.

मी त्यांना विचारलं. मला वाटलं होतं, निदान मान खाली जाईल.

"अगं, मग आपल्याला काम कसं करता येणार?" ते म्हणाले. "सारखं लाल लाल दिसलं तर?"

"पण लोकांना दिसतंय ना, सर. त्यांच्या साइटमधला फोटो फिरवणारा भाग कधीचा जुना झालाय, म्हणून अँटीव्हायरसला संशय येतोय. तो अपडेट करू, आणि कंपनीला पुन्हा तपासा म्हणून कळवू. चार दिवसांत जाईल."

"अपडेट नाही करायचं."

"का?"

बरंच खोदल्यावर ते कळलं. साइटच्या तळाशी त्यांनी स्वतःचं नाव टाकलं होतं. संकल्पना आणि निर्मिती, आणि पुढे नाव. ते टाकायची सरळ पद्धत असते. ती यांना माहीत नव्हती, म्हणून यांनी मूळ सॉफ्टवेअरमध्येच हात घालून खाडाखोड केली होती. एका नव्हे, सगळ्या साइटवर. अपडेट केलं की नवं सॉफ्टवेअर येणार आणि ती खाडाखोड पुसली जाणार. शिवाय त्या खाडाखोडीमुळे पानं वाकडीतिकडी होणार आणि ती निस्तरता येणार नाहीत, ही भीती वेगळी.

"अपडेट म्हणजे माझं काम पुसणं आहे," ते म्हणाले. टायपिंगच्या मशीनबद्दल बोलले होते त्याच आवाजात. या वेळी मी चहा केला नाही.

साइटचे पासवर्ड त्यांच्याकडेच होते. मी मागितले. "रविवारनंतर बघू," म्हणाले.

रविवारी मंडळाची सभा होती. तात्यांनी फोन करून हात जोडल्यासारखी विनंती केली होती, की सरांनी यावं आणि चार माणसांसमोर एवढंच सांगावं की हे लाल पान मशीनची चूक आहे, माणसाची नाही. एवढ्यावर त्यांचं नाव राहणार होतं. सर तयार झाले. त्यांना कुठेही पाहुणा म्हणून जायला आवडायचं. मला सोबत घेतलं, पिशवी धरायला.

बोरिवलीच्या एका शाळेचा वर्ग. साठेक माणसं बाकांवर अवघडून बसलेली. तात्या फळ्याजवळ उभे होते. सर उठले, चष्मा वर केला, फोन उंच धरला आणि म्हणाले, "माझ्याकडे तर उघडतंय."

सगळ्यांनी आपापले फोन काढले. वर्गभर लाल पान.

मागून एक जण उठला. "तात्यानू, साठ लोकांचे फोन खोटे बोलतत, आणि तुमच्या माणसाचो एकट्याचो खरो?" दुसरा म्हणाला, "ह्या एकट्याकडेच उघडता म्हणजे ह्यांचा नि तात्यांचा काय ता असतला."

मी सरांकडे बघत होते. हीच वेळ होती. एक वाक्य पुरलं असतं. यादीत नाव घातलंय म्हणून माझ्याकडे उघडतं, चूक आमची आहे. सरांनी चष्मा डोळ्यांवर घेतला, फोन खिशात टाकला. "माझा काय संबंध?" ते म्हणाले. "मी फक्त साइट बनवली. आत माहिती ह्यांनी भरलीय. काय भरलीय ते ह्यांनाच माहीत."

तात्यांनी त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मला सगळं माहीत होतं. नोकरी लागून सात महिने झाले होते आणि सर ऑफिसच्या मालकांचे जुने स्नेही होते. मी मांडीवरची पिशवी घट्ट धरून बसले. तात्यांनी टेबलावर मंडळाचा शिक्का ठेवला, खुर्चीच्या पाठीवरची आपली पिशवी घेतली आणि बाकांमधून चालत निघून गेले. कोणी त्यांना थांबवलं नाही.

सोमवारी मी मालकांना सांगून सरांकडून पासवर्ड मिळवले. अपडेट केलं, वाकडी झालेली पानं दोन दिवस बसून सरळ केली, अँटीव्हायरसच्या कंपनीला लिहिलं. लाल पान गेलं. तात्यांना फोन केला.

"उघडता गो," ते म्हणाले. "पण आता बघतलो कोण?"

चूक आमची होती, असं पत्र मी मंडळाच्या लोकांना पाठवलं. उत्तर आलं नाही. नवीन सेक्रेटरींनी साइट बंद करायला सांगितली.

सरांनी पुढे वर्षभराने नोकरी सोडली. आम्ही त्यांना शाल दिली. त्यांचं नाव मी सगळ्या साइटवरून एकेक करून पुसलं, आणि सांगायला लाज नाही, मला ते काम आवडलं.

गेल्या महिन्यात आईला मुलुंडच्या ज्येष्ठ नागरिक संघात एका भाषणाला घेऊन गेले. विषय होता, ऑनलाइन फसवणुकीपासून सावध कसं राहावं. वक्ते म्हणून आमचे सर. केस पिकलेत, आवाज तसाच. मागच्या भिंतीवर मोठं लाल पान दाखवून ते सांगत होते, "हे दिसलं की समजायचं, पलीकडचा माणूस चोर आहे. लगेच बंद करायचं."

पुढच्या रांगेतल्या एका आजींनी विचारलं, "पण हे पानच चुकीचं असलं तर?"

"चुकीचं नसतं हो, आजी," सर हसून म्हणाले.

मी उभी राहिले. "असतं, सर," मी म्हणाले, आणि तात्यांची सगळी गोष्ट सांगितली. यादी, लाल पान, शाळेचा वर्ग, शिक्का. मी गप्प बसले होते तेही सांगितलं. जिथे बोलायला हवं होतं तिथे माझं तोंड उघडलं नव्हतं, आणि आता मी अशा लोकांसमोर बोलत होते ज्यांतल्या एकानेही तात्यांना बघितलेलं नव्हतं.

सरांनी चष्मा कपाळावर चढवला, डोळे बारीक करून मला ओळखलं, आणि त्यांचा चेहरा फुलला. नाटक नव्हतं ते. त्यांना खरंच आनंद झाला होता. मग ते मनापासून आठवायचा प्रयत्न करत माइकवर म्हणाले, "कुठले गं तात्या?"