मशीन कुणाच्या हाताचं

त्यांना होड्यांचा सगळा धक्का 'बघूया' म्हणायचा. खरं नाव कागदपत्रांवर असेल, पण ते वाचायला कोण जातंय? कुणी काहीही विचारलं की पहिला शब्द तोच. चहा घेणार? बघूया. उद्या पाण्यात जाणार? बघूया. होडीला निळा रंग द्यायचा की हिरवा, यात त्यांनी चांगली दोन वर्षं घालवली आणि तोवर होडी बिनरंगाची फिरली. लग्नाच्या वेळी मुलगी पसंत आहे का विचारलं, तेव्हाही हा भला माणूस बघूयाच म्हणाला होता. बायको ते आजतागायत विसरलेली नाही. "अजून बघतायत," असं ती आल्यागेल्याला सांगते.

तर अशा माणसाच्या होडीचं मशीन मेलं, आणि चार महिने झाले तरी नवं येईना, याचं कुणाला नवल वाटलं नाही. बघूया बघतायत, बघू दे.

जुनं मशीन पंधरा हॉर्सपॉवरचं होतं, आणि त्याचा त्यांना कोण गर्व! सतरा फुटांच्या होडीला, दोन माणसांना आणि चार टोपल्या जाळ्याला पंधराची काय गरज, असं मशीनच्या दुकानाचा मिस्त्री दरवर्षी विचारायचा. पण परतताना बाकीच्या होड्या मागं टाकल्याशिवाय बघूयांना जेवण गोड लागायचं नाही. हे एकच काम ते न बघता करायचे. ते मागं बसून मशीनचा दांडा धरायचे आणि बायको पुढच्या टोकाला बसून जाळं सांभाळायची. तीस वर्षं हीच बसण्याची पद्धत. मशीन मेलं ते किनारा नुसता रेघेएवढा दिसत असताना. दोघांनी वल्ही मारत होडी परत आणली. त्यात अर्धा दिवस गेला आणि बघूयांचा उजवा खांदा गेला.

खांद्याचं कुणालाच माहीत नव्हतं. ते एकटेच डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी हात वर करायला लावला, तो कानापर्यंतही पोचला नाही. आतला स्नायू फाटलाय, म्हणाले. दुखणं कमी होईल, पण झटका द्यायचं काम या हातानं आता विसरा. घरी येऊन बघूयांनी सांगितलं, "थोडं आखडलंय. तेल लावायला सांगितलंय."

का लपवलं? त्याला कारण होतं. लेक शहरात राहायची आणि दर रविवारी फोनवर तेच पालुपद लावायची, "बाबा, होडी विका आणि दोघं इकडे या." एका रविवारी ते वैतागले आणि ताडकन बोलून बसले, "ज्या दिवशी मला मशीनची दोरी ओढता येणार नाही, त्या दिवशी विकीन! कबूल?" लेकीनं शब्द धरून ठेवला. आयुष्यभर बघूया म्हणणारा माणूस एकदाच पटकन काही बोलला आणि नेमका त्यातच अडकला.

कारण दोरी ओढता येत नव्हती. होडीचं मशीन सुरू करायचं म्हणजे वरची मूठ धरून दोरीला एक सणसणीत हिसका द्यावा लागतो. तोही एकांतात देता आला असता तर गोष्ट वेगळी. आमच्या धक्क्यावरच्या मंडळींना दुसरे उद्योग नाहीत. कुणाचंही नवं मशीन आलं की सगळे कडेला उभे राहतात, पहिली ओढ मालकानं द्यायची आणि बाकीच्यांनी मोठ्यानं मोजायचं. एक! दोन! तीन! पाचाच्या वर गेलं की त्या माणसाला वर्षभर तोंड दाखवायची सोय राहत नाही.

म्हणून बघूया दुकानात जायचे आणि मशीनला नावं ठेवून यायचे. मिस्त्रीनं पहिलं दाखवलं, ते म्हणाले जड आहे, होडीची मागची फळी पाण्यात बसेल. खरंच होतं. दुसऱ्याचा पाण्यात उतरणारा पाय लांब होता, उथळ पाण्यात गाळाला लागला असता. तेही खरं. तिसऱ्यात पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागतं, धूर फार, पेट्रोलही जास्त पितं. अहो, त्यांच्याइतकी मशीनची जाण मिस्त्रीलाही नव्हती! पण चौथ्यात काढायला खोडच सापडेना. तीन वेळा त्याच्याभोवती फिरून ते शेवटी म्हणाले, "आवाज बरा नाही."

"काका," मिस्त्री म्हणाला, "ते मी अजून सुरूच केलेलं नाही. जरा ओढून तर बघा."

"बघूया," असं म्हणून ते चप्पल घालून बाहेर पडले.

बटणानं सुरू होणारं मशीनही दुकानात होतं. पण धक्क्यावर बटणवालं मशीन आणायचं म्हणजे माझा हात गेला असं ओरडून सांगण्यासारखंच. त्याकडे ते मान वर करूनही बघायचे नाहीत. रात्री पडल्यावर मात्र मनात एकच हिशोब चालायचा. होडी गेली तर मी कोण? लेकीच्या तिसऱ्या मजल्यावर गॅलरीत बसून गाड्या मोजणारा एक म्हातारा. आणि ही? हिला पाण्याशिवाय कसं करमेल? हा विचार आला की ते उठून बसायचे.

इकडे बायको दुपारची घराबाहेर राहायला लागली. जाळी शिवायला जाते म्हणायची. एकदा तिच्या तळहातावर फोड दिसले. विचारलं तर म्हणाली, बादलीच्या दोरीनं आले. कपड्यांना पेट्रोलचा वास यायचा, तो बघूयांना आपल्याच नाकाचा खेळ वाटला. चार महिने मशीनच्या दुकानात फिरल्यावर दुसरं काय होणार!

आणि एका सकाळी मिस्त्रीचा निरोप आला. मशीन होडीला बसवलंय, धक्क्यावर या.

"कुणी सांगितलं बसवायला?"

"घरून निरोप होता की, काका."

बघूया चप्पल न घालताच निघाले. धक्क्यावर पोचले तर वीसेक माणसं आधीच गोळा झालेली. होडीच्या मागच्या फळीवर आठाचं मशीन बसवलेलं, छोटंसं, आटोपशीर. ते होडीत उतरले. मशीनपुढे उभे राहिले. डाव्या हातानं ओढावं का? सगळे विचारतील. उजव्यानं ओढावं तर हात जागच्या जागी लटकेल. त्यांनी मूठ धरली आणि कपाळावर घाम आला. वरून कुणीतरी हाळी दिली, "काय बघूया, आजही बघणारच का?"

तेवढ्यात होडी हलली. बायको उतरली होती.

"सरका जरा," ती म्हणाली. मग वरच्या मंडळींकडे बघून मोठ्यानं, "यांचं बघून होईस्तोवर मासे म्हातारे होतील! मीच करते सुरू."

धक्का खो खो हसला. ती वाकली. मूठ धरून दोरी आधी हळूच ओढली, आत अडल्याचं हाताला लागेपर्यंत, आणि मग कमरेतून मागं जात एकच हिसका दिला.

"एक!" सगळे ओरडले.

मशीन खोकलं आणि गप्प झालं. तिनं दोरी परत हळूच ओढली.

"दो..." म्हणेपर्यंत मशीन सुरू झालं होतं, आणि उरलेला आकडा त्या आवाजात बुडाला. मिस्त्री तर टाळ्या पिटत होता. दोन महिने रोज दुपारी आपल्या दुकानामागच्या पाण्याच्या पिंपात मशीन लावून त्यानंच तर तिला शिकवलं होतं.

ती मागं दांड्यापाशी बसली. मग बघूयांना बसायला उरलं फक्त पुढचं टोक. ते गुपचूप जाऊन बसले. धक्का मागं पडल्यावर त्यांनी विचारलं, "तुला कधी कळलं?"

"वल्ही मारली त्या दुसऱ्याच दिवशी. डाव्या हातानं भांग पाडत होतात. फडताळावरचा डबा मला काढायला सांगितलात. तीस वर्षं समोर बसून तुम्हालाच बघत आलेय, एवढं कळणार नाही?"

"मग बोलायचं तरी."

"तुम्ही बोलायची वाट बघितली. मग म्हटलं, यांच्या नादी लागले तर होडी जाईल." तिनं दांडा किंचित वळवला. "मिस्त्रीला सांगितलं, जोर किती ते नंतर बघू. माझ्या हातानं सुरू झालं पाहिजे आणि दोघांना मिळून उचलता आलं पाहिजे. बटणाचं विचारलं होतं. तो म्हणाला, खाऱ्या पाण्यात बॅटरी टिकत नाही. मग आठाचं घेतलं. त्यानं मूठही माझ्या हाताच्या मापाची बसवून दिली."

"आणि लेकीला काय सांगायचं?"

"तिला मी परवाच सांगितलं. खांद्याचंही सांगितलं. रडली, मग हसली, आणि म्हणाली, आई, मला एकदा तुझ्या होडीतून फिरव."

बघूयांचा जीव भांड्यात पडला. काहीतरी बोलावं म्हणून ते म्हणाले, "पण आठाचं म्हणजे फारच सावकाश गं. पंधराची मजा..."

आणि तेवढ्यात एक लाट टोकावर आपटली. डोक्यापासून पायापर्यंत गार खारं पाणी. डोळे पुसतायत तोवर दुसरी आली. शर्ट अंगाला चिकटला. मागं बायको कोरडी ठणठणीत बसलेली. तीस वर्षं आपण तिथं असेच कोरडे बसत होतो, हे त्यांच्या तेव्हा ध्यानात आलं.

"अगं, इथं रोज एवढं पाणी उडतं?"

"पंधराच्या जोरावर याच्या दुप्पट उडायचं."

"मग कधी म्हणाली नाहीस, जरा हळू चालवा म्हणून?"

"म्हणाले होते की. पहिल्याच वर्षी," ती म्हणाली. "तुम्ही म्हणालात, बघूया."

त्यांनी परत तोंड पुसलं. पाणी उडत राहिलं. थंडीत, वाऱ्यात, लेक पोटात असतानासुद्धा ही इथं बसली होती, आणि आपण मागं बसून शर्यती जिंकत होतो.

"चुकलं माझं," ते म्हणाले.

"काय?"

"चुकलं माझं!" मशीनच्या आवाजावर मात करत ते ओरडले. शेजारून जाणाऱ्या होडीतल्या दोघांनी माना वळवून पाहिलं.

"पहिल्या वेळीच ऐकू आलं होतं," ती म्हणाली, आणि तिनं मशीन हळू केलं.